समीक्षेच्या शब्दांवाचून कोठे अडते?

आमच्या समाजातील लेखकांची गेल्या दोन-तीन वर्षांत प्रसिद्ध झालेली काही पुस्तके आणि त्यांवर ठिकठिकाणी छापून आलेली परीक्षणे आम्ही यंदाच्या पावसाळ्यात एकत्र मांडून वाचली. पुस्तके एकमेकांसारखी नव्हती. एक कवितासंग्रह होता, एक आजीच्या आठवणींचे पुस्तक होते, दोन कथासंग्रह होते, एका धर्मभगिनीचे प्रवासवर्णन होते. परीक्षणे मात्र एकाच साच्यातून काढल्यासारखी. भाषा 'ओघवती', शैली 'सहजसुंदर', विषय 'हृदयस्पर्शी', पुस्तक 'बोधप्रद', आणि शेवटी 'प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाच्या संग्रही असावे असे'. आम्ही एक गंमत करून पाहिली. कवितासंग्रहाच्या परीक्षणातील पुस्तकाचे नाव खोडून तेथे प्रवासवर्णनाचे नाव घातले आणि घरच्यांना ते वाचून दाखवले. कोणालाही काही खटकले नाही. त्या परीक्षणांपैकी एक आम्हीच लिहिलेले होते, हेही येथे कबूल केले पाहिजे.

ही गोष्ट आम्ही एका वाचकमंडळात बोलून दाखवली, तेव्हा एका ज्येष्ठ वाचकांनी पत्राने आमची कानउघाडणी केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आम्ही साधी भाविक माणसे आहोत; पुस्तक वाचून डोळ्यांत पाणी आले की आम्हाला ते पोचले; निवेदक, प्रतिमा, आशय, घाट, संकेत हे शब्द प्राध्यापकांनी आपापसांत वापरावेत, रविवारी मिस्सानंतर अंक विकत घेणाऱ्या कुटुंबावर ते लादू नयेत.

हे म्हणणे वरवर नम्रतेचे वाटते. आम्हाला ते नम्रतेचे वाटत नाही. याच ज्येष्ठ वाचकांच्या धर्मग्रामात उत्तम गायकवृंद आहे. तेथे नववीतली मुलगी 'आल्टो खाली घसरला' असे बिनदिक्कत म्हणते, टेनर कोठे उचलायचा हे पेटीवर बसलेल्या मुलाला सांगते, आणि 'गाणे हृदयस्पर्शी झाले' एवढ्यावर कोणी तालीम संपवत नाही. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास हे शब्द तर परभाषेतले. तरीही ते आमच्या घरांत रुळले, कारण त्यांच्यावाचून चूक दाखवता येत नव्हती. चूक दाखवता आली नाही तर ती सुधारता येत नाही, आणि नेमके काय चांगले झाले हे सांगता आले नाही तर ते पुन्हा घडवताही येत नाही. गाण्यासाठी आम्हाला शब्द लागतात आणि साहित्यासाठी लागत नाहीत, याचा सरळ अर्थ इतकाच की गाणे आम्ही मनावर घेतो, साहित्य घेत नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहावे लागत आहे, त्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामाच्या नाताळ अंकात बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलाची कथा आली. ती कथा आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा सांगतो. बाप दारुडा, आई नुकतीच गेलेली. मातीच्या दिवशी रात्री बाप ओट्यावर बसून चर्चविषयी कडवट बोलतो. पावतीपुस्तक घेऊन येणारे येतील, पण आपल्या दाराशी घटकाभर बसणारा कोणी येणार नाही, असा त्याच्या बोलण्याचा रोख. मुलगा ते ऐकतो. कथेच्या शेवटी तो अंधारात रस्त्याकडे कान लावून बसला आहे. फादरांच्या स्कूटरचा आवाज त्याला ओळखता येतो. स्कूटर येते की नाही, हे कथा सांगत नाही.

अंक घरोघर गेला आणि आठवड्याच्या आत बोभाटा झाला, की पोरगा चर्चविरुद्ध लिहितो. एका बैठकीत त्याला उभे करून विचारण्यात आले, फादरांनी तुझे काय वाकडे केले? पुढच्या अंकात त्याच्या नावाने दोन ओळींचा खुलासा छापला गेला. त्याच्या वडिलांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. त्यांच्याकडेही काही लोक निराळ्या नजरेने पाहू लागले. त्यानंतर त्या मुलाची एकही ओळ आमच्या पाहण्यात आली नाही.

त्या बैठकीत कोणी दुष्ट माणूस होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तेथे फक्त तीन शब्द नव्हते: लेखक, निवेदक आणि पात्र. कथा लिहिणारा एक, ती ज्याच्या तोंडून सांगितली जाते तो दुसरा, आणि कथेत बोलणारा-वागणारा तिसरा. हे तिघे कधी एकाच घरचे असतात, कधी एकमेकांचे वैरी असतात. पण ते तीन आहेत हे आधी मान्य करावे लागते. कडवट बोलतो तो बाप, म्हणजे पात्र. ते ऐकूनही फादरांची वाट पाहतो तो मुलगा, म्हणजे निवेदक. लेखकाने आपली सारी माया त्या वाट पाहण्यात ठेवली आहे. बापाचे बोलणे जितके कडू, तितके त्या मुलाचे कान लावून बसणे मोठे. 'हे कोण बोलतो आहे?' एवढा प्रश्न कोणी विचारला असता, तर ज्या कथेबद्दल खुलासा मागितला गेला ती चर्चवर किती विश्वास ठेवणारी कथा आहे, हे त्याच बैठकीत उघड झाले असते.

हा प्रश्न प्राध्यापकांचा नाही. तो बायबल वाचणाऱ्या प्रत्येक घराचा आहे. ईयोबाचा ग्रंथच घ्या. त्यात अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र अध्यायामागून अध्याय बोलतात. त्यांचे बोलणे भारदस्त आहे, धार्मिक आहे, पाठ करावे असे आहे. आणि त्यांच्या सगळ्या युक्तिवादाचा मथितार्थ असा की, तू दुःख भोगतो आहेस म्हणजे तू पाप केलेच असले पाहिजे. ग्रंथाच्या बेचाळिसाव्या अध्यायात खुद्द परमेश्वर अलीफजाला सुनावतो, की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. माझा सेवक ईयोब बोलला. तरीही तरुण मुलगा गमावलेल्या घरी सांत्वनाला जाऊन याच मित्रांची वाक्ये 'पवित्र शास्त्र म्हणते' असे म्हणून ऐकवणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. पवित्र शास्त्र ते म्हणत नाही. पवित्र शास्त्रातील एक पात्र ते म्हणते, आणि त्याच ग्रंथात त्याला चूक ठरवलेले आहे. पात्र आणि ग्रंथ यांतला भेद कळला नाही की शोकात असलेल्या आईच्या कपाळी पाप लिहिले जाते. समीक्षेचे शब्द चैनीचे आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या आईला जाऊन विचारावे.

आमच्या चर्चने हे केव्हाच ओळखले आहे. पोप बारावे पायस यांनी १९४३ साली बायबलच्या अभ्यासाविषयी काढलेल्या परिपत्रकात प्राचीन लेखकांचे साहित्यप्रकार ओळखण्याचा आग्रह धरला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात तोच आग्रह पुढे नेला: इतिहास एका रीतीने सत्य सांगतो, भविष्यवाणी दुसऱ्या, काव्य तिसऱ्या. पोपच्या बायबल आयोगाने १९९३ साली बायबलच्या अर्थबोधाविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात तर कथनाच्या विश्लेषणाला स्वतंत्र जागा आहे, आणि प्रत्यक्ष लेखक व लेखनातून जाणवणारा लेखक हा भेदही तेथे स्पष्ट मांडलेला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या जुलै महिन्यात साहित्यवाचनाविषयी एक सबंध पत्र लिहिले. ते स्वतः तरुणपणी, १९६४-६५ च्या सुमारास, सांता फे येथील येशूसंघीय शाळेत साहित्य शिकवीत असत, याचा उल्लेख त्या पत्रात आहे. म्हणजे रोम आम्हाला साहित्य नीट वाचा म्हणून सांगत आहे, आणि आमचे म्हणणे असे की आम्ही साधी माणसे आहोत, आम्हाला ते नको.

दुसरा घोळ दाखल्यांचा. आमच्या नाताळ अंकांतील निम्म्या कथांना त्यांचे लेखक किंवा संपादक 'रूपककथा' म्हणतात. रूपक या शब्दाने मराठीत आधीच तीन संसार थाटले आहेत. अलंकारशास्त्रात तो एक अलंकार आहे. नाट्यशास्त्रात नाटकाच्या दहा प्रकारांना मिळून दशरूपक म्हणतात. आणि गेल्या शतकात, विशेषतः खांडेकरांमुळे, ज्या कथेतली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभी असते तिला आपण रूपककथा म्हणू लागलो. दाखला ही निराळी गोष्ट आहे. दाखल्यात उतारशाळा ही उतारशाळाच असते आणि तेल हे तेलच असते; सबंध गोष्ट मिळून एक धक्का देते.

संत ऑगस्टीन यांनी दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याचा अर्थ लावताना वाटेत पडलेला माणूस म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे चर्च, उतारशाळेचा रक्षक म्हणजे प्रेषित पौल, असे प्रत्येक गोष्टीला एकेक नाव दिले. त्या अर्थावर शतकानुशतके भक्तीचे पोषण झाले आहे, तो आम्ही टाकून देणार नाही. पण ते रूपककथेचे वाचन आहे, दाखल्याचे नव्हे. ज्या शास्त्र्याने 'माझा शेजारी कोण?' असे विचारले होते, त्याला त्या दिवशी आदामाची हकिगत मिळाली नाही. ज्याच्या हातचे पाणीही तो प्यायला नसता अशा माणसाचे उदाहरण मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूलिखर या जर्मन पंडिताने दाखला आणि रूपककथा यांची फारकत इतक्या कडकपणे केली, की पुढच्यांना ती थोडी सैल करावी लागली. ते योग्यच झाले. पेरणाऱ्याच्या दाखल्याचे स्पष्टीकरण शुभवर्तमानातच एकेक वस्तू घेऊन दिलेले आहे. सीमारेषा पुसट असते, हे खरे. पण पुसट रेषा दिसायलाही ती कोठून जाते हे ठाऊक असावे लागते.

आणि हे सगळे पश्चिमेकडून आणायचे कारण नाही. तेराव्या शतकात, मराठी गद्य बाल्यावस्थेत असताना, महानुभावांच्या केसोबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. तेथे प्रत्येक ठिकाणी सूत्र वेगळे, दृष्टांत वेगळा आणि दार्ष्टांतिक वेगळे. दार्ष्टांतिक म्हणजे दृष्टांत ज्याला लावून दाखवायचा ते. सातशे वर्षांपूर्वी मराठी माणसाने गोष्ट आणि तिचा लागू केलेला अर्थ यांना दोन निरनिराळी नावे दिली होती. आम्ही अजून त्यांची गल्लत करतो, आणि वर कथेच्या शेवटी ठळक अक्षरांत 'तात्पर्य' छापतो.

तात्पर्य छापायचेच असेल, तर नाथान संदेष्ट्याकडून शिकावे. दाविद राजाने उरियाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत मरायला धाडले. नाथान त्याच्याकडे जाऊन पापाविषयी प्रवचन करीत नाही. तो एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. घरात लेकरासारखी वाढलेली ती मेंढी शेजारच्या श्रीमंताने आपल्या पाहुण्यासाठी कापली. दाविद संतापून त्या श्रीमंताला मृत्युदंड फर्मावतो. तो मनुष्य तूच, हे नाथान त्यानंतर सांगतो. दार्ष्टांतिक येते, पण ऐकणाऱ्याने स्वतः निकाल दिल्यावर. आधी सांगितले असते तर दाविदाने पहारेकऱ्यांना हाक मारली असती. आमच्या कथांत नाथान पहिल्याच परिच्छेदात 'तो मनुष्य तूच' म्हणून मोकळा होतो आणि मग उरलेली चार पाने मेंढीचे वर्णन करीत बसतो.

'हृदयस्पर्शी'कडे पुन्हा येऊ, कारण सर्वांत मोठी फसवणूक या शब्दाने होते. नाताळच्या रात्री थंडीत कुडकुडत, चर्चच्या पायरीवर, गोठ्याच्या देखाव्याकडे पाहत प्राण सोडणारे अनाथ मूल आमच्या अंकांतून किती वर्षे मरत आहे याची गणती नाही. ते मूल मेले की वाचक रडतो आणि परीक्षक 'हृदयस्पर्शी' लिहितो. परंतु मूल मेल्यावर रडू येणे हा वाचकाच्या माणुसकीचा पुरावा आहे, लेखकाच्या कलेचा नव्हे. यासाठी मराठी समीक्षेत भावविवशता असा शब्द आहे. प्रसंगाने जितकी भावना कमावलेली नाही तितकी भावना उसनी घेऊन उधळणे, ही भावविवशता. आमच्या जुन्या काव्यशास्त्राला तर याहून बारीक दोष ठाऊक होता. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रसदोषांची जी यादी दिली आहे, तिच्यात पहिल्या क्रमांकालाच स्वशब्दवाच्यता येते: रसाचे किंवा भावाचे नाव घेऊन तो व्यक्त झाला असे समजणे. 'अत्यंत करुण दृश्य होते ते' असे लिहिले की दृश्य करुण होत नाही. उलट, करुण दृश्य लिहिता आले नाही याची ती पावती असते.

त्या शोमरोन्याच्या गोष्टीत भावनेचा शब्द एकच आहे: त्याला कळवळा आला. पुढचे सारे कृतीचे आहे. जखमा बांधणे, तेल आणि द्राक्षारस ओतणे, स्वतःच्या जनावरावर बसवणे, उतारशाळेत नेणे, दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून देणे, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगणे. त्या दोन दीनारांनी ही गोष्ट खरी केली आहे. डोळ्यांत आलेल्या पाण्याचा हिशेब मागता येत नाही, दीनारांचा मागता येतो. आमच्या तरुण लेखकाला कोणी सांगितले असते की तुझ्या कथेत कळवळा नऊ वेळा आला आहे आणि दीनार एकही नाही, तर त्याचे एका ओळीत जितके भले झाले असते तितके दहा 'हृदयस्पर्शी' परीक्षणांनी होणार नाही.

शब्द नसल्याने लेखकच दुखावले जातात असे नाही. आंजेलो द फोन्सेका या गोमंतकीय चित्रकाराचे उदाहरण आमच्या सर्व घरांना ठाऊक असावयास हवे. त्याचा जन्म १९०२ चा. शांतिनिकेतनच्या परंपरेत, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे तो शिकला आणि पवित्र मरियेला साडी नेसवून, भारतीय आईच्या रूपात चितारू लागला. गोव्यात त्याच्यावर टीकेची झोड उठली. तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला आणि १९६७ साली वारला. मरियेने साडी नेसली होती काय, असा आक्षेप होता. नव्हती नेसली. पण फ्लॉरेन्सच्या आणि व्हेनिसच्या चित्रकारांनी तिच्या अंगावर घातलेला तो घोळदार निळा झगा तरी तिने कोठे घातला होता? तो निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्दी दगडापासून बनत असे आणि इतका महाग असे, की चित्र करवून घेणारे करारपत्रात त्याची प्रत लिहून घेत. सर्वांत मोलाचा रंग सर्वांत मोलाच्या स्त्रीला द्यावा, असा तो संकेत होता.

संकेत हाच येथे हवा असलेला शब्द. चित्रातली वस्तू प्रत्यक्षाची नक्कल म्हणून आली आहे, की एका समाजाने मान देण्याची जी रीत ठरवली तिच्यामुळे आली आहे? हा प्रश्न करता आला असता, तर इटालियन संकेत आणि भारतीय संकेत यांची तुलना झाली असती, आणि फोन्सेकाच्या रेषेविषयी, रंगाविषयी, कदाचित त्याच्या उणिवांविषयीही बोलता आले असते. शब्द नव्हता, म्हणून एक संकेत सत्य ठरला आणि दुसरा पाखंड. आज त्याची पुष्कळ चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवली आहेत आणि लोक कौतुकाने पाहायला जातात. हा मान त्याच्या हयातीत मिळायला हवा होता.

येथवर वाचून आमचे काही तरुण समीक्षक खूश झाले असतील, तर त्यांनाही दोन शब्द. त्यांच्या लेखात 'प्रतिमासृष्टी', 'अस्तित्ववादी जाणिवा', 'जादुई वास्तववाद' यांची नुसती रेलचेल असते. हे 'हृदयस्पर्शी'चेच थोरले भावंड. फक्त कॉलेजात जाऊन आलेले. परवा एका कवितेतील मेणबत्तीला त्यांच्यापैकी एकाने एकाच वाक्यात प्रतिमाही म्हटले आणि प्रतीकही. वीज गेल्यावर आजीने धरलेली मेणबत्ती, तिच्या बोटांवर ओघळलेले मेण, भिंतीवर हललेली सावली, हे सारे डोळ्यांना आणि त्वचेला जाणवते, म्हणून ती प्रतिमा. पास्काच्या रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये आणली जाणारी मेणबत्ती हे प्रतीक, कारण तिचा अर्थ आपण सर्वांनी मिळून आधीच मान्य केलेला आहे. कवीला प्रतिमा घडवावी लागते. प्रतीक त्याला पुष्कळदा आयते मिळते, आणि ख्रिस्ती कवीला तर फारच आयते मिळते. क्रूस, कोकरू, भाकर, द्राक्षवेल ओळीने मांडली की कविता झाली असे वाटू लागते. ज्याला हा भेद करता येत नाही, त्याने प्रतिमासृष्टी हा शब्द लिहू नये. शब्द अडला तर कोश आहेत. भटकळ फाउंडेशनचा 'वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश' २००१ साली आला, मराठी वाङ्मयकोशाचा समीक्षासंज्ञांना वाहिलेला चौथा खंड विजया राजाध्यक्ष यांच्या संपादनाखाली २००२ साली आला. धर्मग्रामाच्या वाचनालयात बक्षिसाच्या ढाली ठेवायला जशी जागा आहे, तशी या दोन ग्रंथांनाही करता येईल.

बाहेरच्यांशी बोलतानाही हेच शब्द लागतात. मराठी समीक्षेने आमच्यासाठी दोन पेट्या तयार ठेवल्या आहेत, एकीवर 'ख्रिस्ती साहित्य' आणि दुसरीवर 'प्रचारकी' अशी चिठ्ठी. पहिली चिठ्ठी लेखकाचा बाप्तिस्मा सांगते, पुस्तकाविषयी काही सांगत नाही. दुसरीचा प्रसिद्ध बळी बाबा पदमनजींची १८५७ ची 'यमुनापर्यटन'. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते आणि त्याच दमात प्रचारकी म्हणून ती बाजूलाही सारली जाते. तिच्यात धर्मप्रसाराचा हेतू आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण हेतू ही एक गोष्ट आणि रूप ही दुसरी. यमुनेला गावोगाव हिंडवून एकेका विधवेची हकिगत तिच्या कानी घालणे ही रचनेची युक्ती आहे. ती कोठे साधते आणि कोठे हकिगतींची नुसती माळ होते, हे पाहणे म्हणजे समीक्षा. 'प्रचारकी' म्हटले की ते पाहण्याचे श्रम वाचतात. आम्ही मात्र उत्तरादाखल 'आमच्या बाबांवर अन्याय झाला' एवढेच म्हणत राहतो, आणि कादंबरी उघडून दाखवीत नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा काहींनी त्यांच्या झग्याला विरोध केला आणि आम्ही त्याच झग्याचा अभिमान बाळगला. त्यांच्या गद्याविषयी, 'सुबोध बायबल'मध्ये त्यांनी कोणती मराठी निवडली आणि कोणती टाळली याविषयी, दोन्ही बाजूंनी फारच थोडे बोलणे झाले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. श्रद्धांजलीच्या लेखांतही आम्ही त्यांना बहुधा 'दीपस्तंभ' म्हटले. फादर स्टीफन्सचे तरी काय? १६१६ साली राशोलला छापलेल्या त्यांच्या ग्रंथाच्या सुमारे अकरा हजार ओव्यांचा आकडा आमच्या प्रत्येक वक्त्याला पाठ असतो. ख्रिस्तकथेला पुराणाचा साचा आणि ओवीचे वळण का दिले, तो साचा कोठे शोभला आणि कोठे ताणला गेला, हे विचारले की सभा पांगते.

हा लेख पुरा होत आला असता आम्ही त्या कथालेखक मुलाला भेटलो. तो आता नोकरी करतो आणि रविवारच्या नऊच्या मिस्साला गायकवृंदात टेनर गातो. पुन्हा काही लिहितोस का, असे आम्ही त्याला चर्चच्या आवारात विचारले. "आधी माझ्या गोष्टीतला दारुडा कोण, ते या लोकांचे ठरू द्या," तो म्हणाला, आणि गाण्यांच्या वह्या गोळा करायला आत गेला.